ॲव्हरेज छापता, मग लिटरही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या गाड्यांच्या पानावर दर आठवड्याला एका नव्या गाडीची माहिती येते आणि त्यात ठळक अक्षरात ॲव्हरेज छापलेला असतो, एवढे किलोमीटर प्रति लिटर. गेले चार महिने मी ते पान पेन्सिल घेऊन वाचतोय, कारण आमच्या घरात सध्या एकच विषय आहे, जुनी गाडी काढून चांगल्या ॲव्हरेजची घ्यायची का नाही. पान चांगलं असतं, फोटो पण मस्त असतात, पण त्या एका आकड्याने मला चार महिने असं फिरवलंय की शेवटी म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

गाडी अकरा वर्षांची आहे, पेट्रोलवर चालते, घरच्यांच्या मते भरपूर पिते. माझ्या मेहुण्याने मागच्या वर्षी गाडी बदलली आणि तेव्हापासून तो जिथे भेटेल तिथे १८ वरून २४ वर गेलो म्हणून सांगतो. "भावजी, तुम्ही अक्षरशः पैसे जाळताय" हे वाक्य मी आतापर्यंत किती वेळा ऐकलं मोजलं नाही. ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं की आपण खरंच मूर्ख आहोत, आणि मी शोरूममध्ये जाऊन बसून पण आलो. नव्या गाडीचा वास फार वाईट असतो साहेब, एकदा नाकात गेला की डोकं हिशोब करायचं बंद करतं.

मग एक दिवस ठरवलं की आधी आपली गाडी खरंच किती देते ते तरी बघू. समोरचा डिस्प्ले १४ दाखवतो. मी जुन्या पद्धतीने मोजलं, टाकी फुल्ल करायची, पंपाचा पहिला कट पडला की थांबायचं, ट्रिप मीटर झिरो, मग रोजच्यासारखी गाडी वापरायची आणि परत त्याच पंपावर पहिल्या कटपर्यंत भरायची, जेवढे लिटर गेले त्याने किलोमीटरला भागायचं. अशा तीन टाक्या केल्या आणि आकडा आला साधारण १२. म्हणजे डिस्प्ले दोन किलोमीटर वाढवून सांगत होता आणि मी अकरा वर्षं त्याच्यावर विश्वास ठेवत होतो.

दुसरा धक्का किलोमीटरचा. बायकोला विचारलं आपण वर्षाला किती फिरतो, ती म्हणाली १५ हजार तरी होत असतील, मलाही तसंच वाटत होतं. ओडोमीटरवर ९१ हजार आहेत, भागिले ११ वर्षं, म्हणजे वर्षाला ८ हजार आणि वर थोडे. आपण गाडीत जेवढा वेळ बसतो तेवढं अंतर जातो असं वाटतं पण निम्मा वेळ तर आपण सिग्नलला उभे असतो.

आता गंमत बघा. ८,००० किमी, १२ चा ॲव्हरेज, वर्षाला साधारण ६६७ लिटर पेट्रोल. नव्या गाडीचा छापलेला ॲव्हरेज २०, म्हणजे ४०० लिटर. वाचले २६७ लिटर, महिन्याला २२, म्हणजे धड एक टाकी पण नाही. मी पैशाच्या भानगडीतच पडलो नाही, दर रोज बदलतो आणि डोकं फिरतं, म्हणून उलटं केलं, नवी गाडी वजा जुनीचे येणारे पैसे हा जो फरक उरतो त्याला एका लिटरच्या दराने भागलं. उत्तर आलं ६,००० लिटरच्या आसपास. म्हणजे शोरूमवाला माझ्याकडून ६,००० लिटर आजच मागतोय आणि मला वर्षाला २६७ लिटर परत देणार म्हणतोय. २२ वर्षं लागतील. कर्जाचं व्याज आणि नव्या गाडीचा जास्तीचा विमा अजून धरलेलाच नाही.

आणि तो २० पण कागदावरचा. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाने पळवतात आणि आकडा काढतात. युरोपात एनईडीसी नावाची जुनी चाचणी होती, २० मिनिटांची, ११ किलोमीटरची, सरासरी वेग ताशी ३४ किमीच्या आसपास. २०१७ पासून तिच्या जागी डब्ल्यूएलटीपी आली, ३० मिनिटं, २३ किलोमीटर, वेग १३१ पर्यंत जातो, पहिल्यापेक्षा बरीच बरी. पण एसी या दोन्हीत बंदच. आता एसी बंद ठेवून, एकटा माणूस, डिकी रिकामी, कुठे खड्डा नाही, मागून हॉर्न मारणारा नाही, असं कोण गाडी चालवतं? आणि हे प्रामाणिकपणे मोजलं तर. २०१६ मध्ये मित्सुबिशीने जपानमध्ये स्वतःच कबूल केलं होतं की मायलेजच्या चाचण्यांमध्ये गडबड केली, ते प्रकरण ६ लाखांच्या वर छोट्या गाड्यांचं होतं. सगळेच तसं करतात असं मी म्हणत नाही, आकडा प्रामाणिक असला तरी तो रोलरवरचा आहे एवढंच म्हणणं आहे.

माझी चूक काय होत होती तर मी नव्या गाडीचा कागदावरचा आकडा घेऊन तो जुन्या गाडीच्या रस्त्यावरच्या आकड्याशी लढवत होतो. माझ्या गाडीचं माहितीपत्रक कपाटात सापडलं, त्यात १७ लिहिलंय! मिळतात १२. तोच हिशोब नवीला लावला तर तिला १४ च मिळतील, पण चला उदार होऊन १६ धरू. मग वर्षाला ५०० लिटर लागणार, वाचणार १६७, आणि ते ६,००० लिटर फिटायला ३६ वर्षं. गाडी तेवढी टिकत नाही, मी टिकेन याचीही खात्री नाही.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र. किलोमीटर प्रति लिटर हे मापच माणसाला फसवतं. खोटं नाही, पण फसवतं. समजा एकाची गाडी लिटरला ८ देते आणि तो १० वाली घेतो. दुसऱ्याची २० देते आणि तो ३० वाली घेतो. कोणी जास्त पेट्रोल वाचवलं? मी हे घरात सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी दुसरा म्हणून सांगितलं, १० किलोमीटरची उडी मारली ना त्याने, पहिल्याने नुसते २ वाढवले. आता दोघे १०,००० किमी फिरतात असं धरा. पहिल्याला आधी १,२५० लिटर लागायचं, आता १,०००, वाचले २५०. दुसऱ्याला आधी ५०० लागायचं, आता ३३३, वाचले १६७. म्हणजे नुसते २ वाढवणारा जिंकला, आणि चांगलाच जिंकला. मुलाने कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं, मग गप्प बसला.

हे मी शोधलेलं नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या दोघांनी यावर 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं होतं, तिकडे गॅलनला किती मैल असं मोजतात त्यामुळे लोक नेमके असेच फसतात हे त्यांनी दाखवून दिलं. नंतर २०१३ च्या मॉडेलपासून तिकडच्या नव्या गाड्यांच्या स्टिकरवर १०० मैलांना किती गॅलन हा आकडा पण छापायला लागले. युरोपात तर आधीपासूनच १०० किलोमीटरला किती लिटर असंच बोलतात. किती साधं आहे बघा, माझी गाडी १०० किमीला ८.३ लिटर खाते, नवी ६.२५ खाईल, फरक २ लिटर, आता १०० किमी मी किती दिवसांत फिरतो ते मला माहीत आहे, संपला विषय. भागाकार नाही काही नाही. १२, १६, २०, २४ अशी शिडी दिसली की वाटतं प्रत्येक पायरी सारखीच उंच आहे, पण वर जाल तशी पायरी बुटकी होत जाते.

मेहुण्याचंच घ्या. १८ चे २४ झाले, ६ वाढले, पार्टी झाली. तो वर्षाला फार तर ६,००० किमी फिरतो. ३३३ लिटरचे २५० झाले. ८३ लिटर. वर्षभरात दोन टाक्या आणि थोडं! हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, हप्ते चालू आहेत त्याचे, उगाच कशाला. शिवाय गाडी परवडते म्हणून तो आता जवळच्या कामाला पण गाडीच काढतो, आधी पायी जायचा. हे पण जुनंच दुखणं आहे, १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल हेच म्हटलं होतं की इंजिनं कमी कोळसा खाणारी झाली म्हणून कोळसा वाचत नाही, वापर उलट वाढतो. आमच्या मेहुण्याने जेव्हन्स वाचलेला नाही पण सिद्ध करून दाखवतोय.

याच्या बरोबर उलटं उदाहरण आमच्या शेजारी आहे. मोठी जुनी गाडी, लिटरला ९ देते असं तेच सांगतात, आणि धंद्यामुळे वर्षाला ३० हजार किमी पळवतात. त्यांना कोणी गाडी बदल म्हणत नाही, ते स्वतः पण म्हणतात मोठ्या गाडीत कुठे ॲव्हरेज बघायचा. आता त्यांनी नुसती १६ वाली घेतली तर? ३,३३३ लिटरचे १,८७५ होतात, वर्षाला १,४५० च्या वर लिटर वाचतात, तोच ६,००० लिटरचा फरक चार-सव्वाचार वर्षांत फिटतो. म्हणजे ज्याने बदलायला पाहिजे तो निवांत आहे आणि ८ हजारवाला मी चार महिने झोप उडवून बसलोय. अमेरिकेने २००९ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढायची योजना आणली होती, त्यात जवळपास ६ लाख ८० हजार गाड्या गेल्या, इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ते कायमचं जाम करायचे म्हणजे परत कोणी चालवायला नको. तिथे सुद्धा अट अशी होती की जुनी गाडी साधारण गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी देणारी पाहिजे, आपल्या भाषेत लिटरला साडेसात-पावणेआठ किमी. म्हणजे तळाची पायरी. मेहुण्याची १८ वाली त्यांनी दारात पण उभी केली नसती.

पर्यावरणाचा मुद्दा मुलीने काढला, तो मात्र मला सहज झटकता आला नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (लिटरचं वजनच पाऊण किलो, मग २.३ किलो कुठून आले म्हणून मी भांडलो होतो, हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो ना, तिने मला शाळेतलं परत शिकवलं.) १६७ लिटर वाचले तर वर्षाला ३८० किलोच्या आसपास वाचेल. पण नवी गाडी तयार होताना, स्टील, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, काच हे सगळं धरून काही टन आधीच हवेत गेलेलं असतं. ५ टन धरले तरी १३ वर्षं. ती म्हणाली पण तुमची जुनी कोणीतरी घेईल, त्याची त्याहून वाईट असेल तर? बरोबर आहे, आणि तो ती घेऊन दुप्पट फिरला तर काय, हे पण तिला विचारलं. हा हिशोब काही पूर्ण बसला नाही, दोघांनी सोडून दिला.

हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं पण बघितलं. तसली टोयोटाची पहिली प्रियस जपानमध्ये १९९७ ला आली म्हणजे तंत्र काही कालचं नाही. ब्रेक मारताना जी ताकद एरवी गरम होऊन वाया जाते ती बॅटरीत भरते, आणि सिग्नलला इंजिन बंद राहतं, त्यामुळे शहरात अडकत अडकत चालवणाऱ्याला तिचा खरा फायदा. हायवेला एकसारख्या वेगाने जाणाऱ्याला तेवढा नाही, कारण तिथे ब्रेकच कमी मारायचे असतात. तुमच्या पानावर मात्र एकच आकडा. इलेक्ट्रिक गाडीचं मी काढतच नाही, ते पत्र वेगळं होईल.

मधल्या काळात आहे त्याच गाडीचं काही होतं का ते पण करून बघितलं, आणि यात ऐकीव गोष्टी किती असतात ते कळलं. टायरची हवा कमी असली तर ॲव्हरेज पडतो हे खरं, पण १ पीएसआय (पंपावर हवा मोजतात ते दाबाचं माप) कमी झाली तर ०.२ टक्के असा बारीक हिशोब आहे, म्हणजे हवा तपासायची ती आधी टायर आणि ब्रेकसाठी, पेट्रोल नंतर. एअर फिल्टर बदल, ॲव्हरेज वाढेल, असं मला एकाने छातीठोकपणे सांगून फिल्टर विकला. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चोंदलेल्या फिल्टरमुळे पिकअप कमी होतो, ॲव्हरेजवर फारसा फरक पडत नाही, कारण इंजिन कमी हवा आली तर पेट्रोलही त्या हिशोबाने कमी सोडतं. हे नंतर वाचलं, फिल्टर बसवून झाल्यावर.

खरा फरक वेगाचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० केले तर वेग पाव पट वाढतो पण अडथळा दीड पटीच्या वर जातो. अमेरिकेने तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये सगळ्या देशाला ५५ मैलांची, म्हणजे ताशी ८८ किमीची मर्यादा लावली होती ती पेट्रोल वाचवायलाच, आणि १९९५ पर्यंत ती पुरती गेली नव्हती. लोक खूप चिडायचे म्हणे. मी पण चिडलो असतो.

आणि साहेब, सांगायला लाज वाटते, माझ्या गाडीच्या टपावर कॅरिअर आहे. दोन वर्षांपूर्वी सामान हलवायला लावलं होतं, मग राहिलं ते राहिलंच. रिकामं कॅरिअर घेऊन दोन वर्षं वारा कापत फिरतोय आणि शिव्या इंजिनाला.

बायकोने मात्र एक प्रश्न असा विचारला की सगळे आकडे बाजूला पडले. ती म्हणाली तुला गाडी पेट्रोलसाठी बदलायचीच नाहीये, तुला नवी गाडी हवी आहे, तर तसं म्हण. आणि दुसरं, आपल्या गाडीत पुढच्या दोन एअरबॅग सोडल्या तर काही नाही, मागे मुलं बसतात, त्याचा विचार कर, तो ३६ वर्षांचा हिशोब त्याला लागत नाही. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी बदलायची खरी कारणं ही असतात, सुरक्षितता, दर दोन महिन्यांनी मेकॅनिककडे फेरी, पत्रा सडणं, घरात माणसं वाढणं. ती कारणं बोलायला लाज वाटते किंवा खर्चिक वाटतात म्हणून आपण ॲव्हरेजला पुढे करतो, कारण ॲव्हरेज म्हटलं की खर्च पण बचतीसारखा वाटतो. मी चार महिने तेच करत होतो.

तर सध्या ठरलंय असं की यंदा नाही. गाडीने क्लच किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम काढलं तर तीन-चार वर्षं वापरलेली चांगली गाडी बघायची, पहिल्या काही वर्षांत किंमत सगळ्यात जास्त पडते ती दुसऱ्या कोणी सोसलेली असेल, आणि बघताना आधी एअरबॅग मोजायच्या मग लिटर.

तुम्हाला विनंती एवढीच, गाड्यांच्या पानावर ॲव्हरेजच्या खाली अजून एक ओळ टाका, १०० किलोमीटरला किती लिटर. जागा फार लागत नाही, फोटो बोटभर लहान केला तरी चालेल. आणि तो आकडा कंपनीने दिलेला आहे का तुमच्या माणसाने टाकी फुल्ल करून काढलाय ते पण स्पष्ट लिहा, काढला असेल तर एसी चालू होता का, शहरात का हायवेला. जमलं तर ५ हजार, १५ हजार आणि ३० हजार किमीला वर्षाचे किती लिटर असा छोटा तक्ता द्या. मग वाचक स्वतःच्या ओडोमीटरकडे बघून घेईल. जाहिरातवाल्यांना आवडणार नाही कदाचित, पण पान आमच्यासाठी आहे ना?

शेजाऱ्यांना मी त्यांचा हिशोब कागदावर करून दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, १६ देणारी एवढी मोठी कुठली गाडी आहे? ते मला माहीत नाही, पुढच्या आठवड्याचं तुमचं पान त्यांना देतो म्हणून सांगितलंय.

आपला,
एक नेहमीचा वाचक

ता. क. – कॅरिअर काढलं. दोन टाक्या मोजल्या, १२ चा १२.७ झाला. दोन टाक्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, तिसरी झाली की कळवतो.